अमेरिकेतील दीर्घ मुक्कामानंतर नवा पर्यटक व्हिसा : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून मुलांकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या ज्येष्ठांचा दहा वर्षांचा व्हिसा संपत आला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेक प्रश्न मागच्या खेपेच्या लांबलेल्या मुक्कामाविषयी असतात. कोणी नातवंडाच्या जन्मासाठी जाऊन पूर्ण सहा महिने राहिलेले असते, कोणी मुदतवाढ घेतलेली असते, तर कोणी २०२० मध्ये विमाने बंद झाल्यामुळे अडकलेले असते. खालील उत्तरे अमेरिकेच्या बी-१/बी-२ व्हिसाविषयी आहेत. युरोपविषयीचा प्रश्न शेवटी घेतला आहे.

१. व्हिसावर अजून चार वर्षांची मुदत होती. मग आम्हाला सहा महिन्यांतच परत का यावे लागले?

व्हिसावरील तारीख ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्याची शेवटची तारीख असते. आत किती दिवस राहायचे हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात, मात्र ते मिळतीलच असे गृहीत धरू नये. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून कागदी आय-९४ दिले जात नाही. ते सीमाशुल्क व सीमा सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून पाहावे लागते. तेथे पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मुलाकडून त्याची प्रत काढून घ्यावी, कारण पुढच्या व्हिसाच्या वेळी बहुतेक शंकांचे उत्तर त्याच एका कागदात सापडते.

२. आम्ही सहा महिने पुरेपूर राहिलो, पण मुदतीत परतलो. नवा व्हिसा मिळण्यास त्याची अडचण होते का?

कायद्याने होत नाही. दिलेल्या मुदतीत परतणे म्हणजे नियम पाळणेच होय. तरीही अर्ज तपासणारा अधिकारी अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार विचार करतो, आणि हे कलम प्रत्येक अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे धरून चालते. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. एकदा सहा महिने राहून आल्याने कोणी फारसे विचारत नाही. परंतु सहा महिने तिथे, पाच महिने सोलापुरात, पुन्हा सहा महिने तिथे असा क्रम चार-पाच वर्षे चाललेला असेल, तर हे दांपत्य प्रत्यक्षात तिथेच राहते आणि भारतात फक्त येऊन-जाऊन असते, असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक आहे.

दोन मुक्कामांमध्ये किती अंतर हवे, याचा लेखी नियम नाही. ‘जितके दिवस तिथे, निदान तितके इथे’ हा लोकांनी अनुभवाने बांधलेला ठोकताळा आहे. तो पाळल्याने व्हिसाची हमी मिळत नाही, परंतु आमच्या मते तो शहाणपणाचा आहे आणि त्याहूनही जास्त अंतर ठेवता आले तर उत्तमच. ज्यांचा क्रम आधीच वर सांगितल्यासारखा झालेला आहे, त्यांनी नव्या अर्जात पुन्हा ‘सहा महिने’ लिहिण्यापूर्वी थांबून विचार करावा. खरोखरच दोन-अडीच महिन्यांचे काम असेल तर तेवढेच लिहावे. केवळ बरे दिसावे म्हणून कमी लिहून नंतर सहा महिने राहणे मात्र टाळावे, कारण ते पुढच्या अर्जाच्या वेळी अंगाशी येते.

३. मुदतवाढ मंजूर होऊन आम्ही जवळजवळ वर्षभर राहिलो. हे ‘ओव्हरस्टे’ (मुदतीबाहेरचा मुक्काम) धरतात का?

नाही. आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज आय-९४ ची तारीख उलटण्यापूर्वी दाखल झाला असेल, तो मंजूर झाला असेल आणि नव्या तारखेपूर्वी आपण निघाला असाल, तर संपूर्ण मुक्काम अधिकृतच ठरतो. हा अर्ज किमान ४५ दिवस आधी करावा, अशी तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाची सूचना आहे. मंजुरीचे पत्र जपून ठेवावे आणि मुलाखतीला सोबत न्यावे.

कागद बिनचूक असला तरी ‘वर्षभर का राहिलात?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर मुदतवाढीच्या अर्जात दिलेल्या कारणाशी जुळले पाहिजे. अर्जात आजारपण लिहिलेले आणि खिडकीवर ‘नातीची शाळा’ सांगितलेले, असा प्रकार आम्ही पाहिलेला आहे. अर्ज मुलाने भरलेला होता आणि वडिलांनी तो कधी वाचलाच नव्हता. आय-५३९ ची प्रत मागवून घ्या आणि वाचा.

४. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला होता, परंतु निकाल येण्यापूर्वीच आम्ही परतलो. आता आमची नोंद काय?

अर्ज वेळेत, खऱ्या कारणासाठी केलेला असेल आणि त्या काळात आपण तिथे कोणतेही काम केलेले नसेल, तर निर्णय प्रलंबित असतानाचे दिवस बेकायदा वास्तव्य म्हणून मोजले जात नाहीत. मात्र आय-९४ वरील तारीख आणि आपली प्रस्थानाची तारीख यांत तफावत दिसणार आणि ती स्पष्ट करण्याचे काम आपल्याकडेच येणार. त्यासाठी आय-७९७सी ही पोचपावती, शुल्क भरल्याचा पुरावा आणि परतीचे बोर्डिंग पास एकत्र ठेवावेत. बोर्डिंग पासवरील छपाई वर्षभरात उडून कागद कोरा होतो, म्हणून घरी आल्याबरोबर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

५. मुदतवाढ नाकारली गेली आणि पत्र हाती पडल्यावर आम्ही आठवड्याभरात निघालो. हे कितपत गंभीर आहे?

अर्ज वेळेत केलेला असल्यास बेकायदा वास्तव्याची मोजणी नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, त्यामुळे आठवड्याभराने तीन किंवा दहा वर्षांची बंदी लागत नाही (प्रश्न ६ पाहा). तथापि पासपोर्टवरील जुन्या व्हिसाची मुदत शिल्लक दिसत असली, तरी तो बाद झाला असेच समजून वागावे आणि त्यावर पुन्हा प्रवास करू नये. नवा अर्ज करावा आणि त्यात नकाराची गोष्ट स्वतःहून सांगावी.

६. मुदतवाढीचा अर्ज न करताच काही दिवस जास्त राहिलो. आता काय होईल?

किती दिवस जास्त राहिलात, यावर उत्तर अवलंबून आहे. कलम २२२(जी) नुसार मुदतीपेक्षा एक दिवसही अधिक राहिल्यास तो व्हिसा आपोआप रद्द ठरतो आणि नवा अर्ज सर्वसाधारणपणे आपल्याच देशात करावा लागतो. जादा वास्तव्य १८० दिवसांपेक्षा जास्त परंतु एक वर्षापेक्षा कमी असेल आणि त्यानंतर आपण स्वतःहून निघाला असाल, तर निघाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे प्रवेशबंदी लागते. ते एक वर्ष किंवा त्याहून अधिक असेल, तर बंदी दहा वर्षांची असते. अठरा वर्षांखालील मुलांचे दिवस या बंदीसाठी मोजले जात नाहीत.

१८० दिवसांच्या आत असलेल्यांना बंदी नाही, परंतु अर्जात ही गोष्ट लपवता येत नाही आणि लपवूही नये. प्रवेश-प्रस्थानाची नोंद अधिकाऱ्याच्या पडद्यावर असते. जादा राहिल्याचे कारण समजण्याजोगे असेल, तर त्यातून मार्ग निघू शकतो. खोटे बोलल्याचे सिद्ध झाले, तर कायमची अपात्रता येऊ शकते आणि ती ओव्हरस्टेपेक्षा कितीतरी जड असते. बंदीच्या कक्षेत येणाऱ्यांनी एजंटाकडे न जाता अमेरिकी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जावे.

७. २०२० च्या टाळेबंदीत अडकून आई-बाबांचा मुक्काम लांबला होता. ते कारण आजही चालते का?

चालते, मात्र पुराव्यासह. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा मार्च २०२० च्या अखेरीस थांबवली आणि ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली, ही सार्वजनिक नोंद आहे. परंतु मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने आणि नंतर काही देशांशी झालेल्या ‘एअर बबल’ व्यवस्थेतील विमाने सुरू होती. त्यामुळे २०२१ च्या अखेरीपर्यंत ‘विमानच नव्हते’ हे उत्तर टिकत नाही. रद्द झालेली तिकिटे, विमान कंपनीचे संदेश आणि त्या काळात केलेला आय-५३९ अर्ज यांची जुळणी करून ठेवावी.

८. आमचा व्हिसा नुकताच संपला. मुलाखतीशिवाय ‘ड्रॉपबॉक्स’मधून नवा मिळेल का?

२०२५ मध्ये हे नियम बरेच कडक झाले. पूर्वी व्हिसा संपून ४८ महिने होईपर्यंत ही सवलत मिळत असे, ती आता १२ महिन्यांवर आली आहे. त्याशिवाय जुना बी-१/बी-२ व्हिसा पूर्ण मुदतीचा असावा लागतो, तो मिळाला तेव्हा अर्जदाराचे वय किमान १८ असावे लागते, अर्ज आपल्याच देशातून करावा लागतो आणि मागे न सुटलेला नकार किंवा अपात्रतेची शंका असता कामा नये. वयाची ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना पूर्वी वयामुळे मिळणारी सरसकट सूट सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली आहे.

प्रश्न ५ किंवा ६ मध्ये मोडणाऱ्यांनी मुलाखत होणारच असे समजून तयारी करावी. बाकीच्यांनाही अधिकारी मुलाखतीला बोलावू शकतो. व्हिसा संपून अकरा महिने झाले असतील, तर आणखी विचार करत बसू नये.

९. मुंबईला जावे की हैदराबादला?

भारतात राहणाऱ्याला दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. सोलापूरहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आणि मुंबई सुमारे ४०० किलोमीटर आहे. त्यामुळे तारीख लवकर मिळाल्यास हैदराबाद सोयीचे पडते आणि शहरातील तेलुगूभाषक कुटुंबांची तर तिथे पाहुण्यांकडेच सोय होते. भाषेचा विचार मात्र आधी करावा. मुंबईत मुलाखत मराठीतून देता येते, हैदराबादला मराठी जाणणारा मिळेलच असे धरू नये.

बोटांचे ठसे आणि छायाचित्र यांसाठी व्हिसा अर्ज केंद्रात मुलाखतीच्या आधी, बहुधा आदल्या दिवशी, वेगळी वेळ घ्यावी लागते. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामाची तयारी ठेवूनच निघावे. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरणे ज्येष्ठांना झेपत असले, तरी गाडीला उशीर होईल हे धरून पहिली वेळ सकाळी अगदी लवकरची घेऊ नये. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही. तो बाहेर कोणाकडे ठेवायचा, हे सोबत येणाऱ्याशी आधीच ठरवावे.

वाट पाहावी लागू नये म्हणून दुबई किंवा बँकॉकला जाऊन अर्ज करण्याचा मार्ग आता जवळजवळ बंद आहे, कारण सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असा नियम झाला आहे.

१०. शुल्क किती, आणि व्हिसा नाकारल्यास परत मिळते का?

जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे आणि ते परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद आहे, त्यामुळे पैसे भरताना अधिकृत संकेतस्थळावरील त्या दिवसाची रक्कम पाहूनच हिशेब करावा. जानेवारी २०२५ पासून मुलाखतीची तारीख एकदाच विनाशुल्क बदलता येते. बदललेली तारीखही हुकली, तर शुल्क नव्याने भरावे लागते.

११. डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जात लिहायला जुन्या मुक्कामांचे दिवस आठवत नाहीत. अंदाजे लिहिले तर चालेल का?

हा अर्ज मागील पाच भेटींच्या आगमनाच्या तारखा आणि प्रत्येक मुक्कामाचा कालावधी विचारतो. अंदाज करण्याची गरज नाही. आय-९४ च्याच संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास दिसतो. तो पासपोर्टवरील शिक्क्यांशी ताडून घ्यावा आणि मगच लिहावे. शिक्क्यावर शिक्का पडून तारीख वाचता येत नसेल, तर तिकिटाचा ईमेल शोधावा. ‘सुमारे सहा महिने’ आणि १८४ दिवस यांतील फरक घरात बोलताना क्षुल्लक असतो, पण आय-९४ ची मुदत १८१ व्या दिवशी संपत असेल, तर सगळा प्रश्न त्या फरकातच असतो.

अर्ज भरताना पडदा वीसेक मिनिटे तसाच राहिला, तर सत्र बंद होते. म्हणून सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून घ्यावा आणि प्रत्येक पान जतन करावे. अर्ज भरण्यास दुसऱ्या कोणी मदत केली असल्यास तसे नमूद करण्याचा रकाना आहे. मदत मुलाची असो वा एजंटाची, तो रकाना खराच भरावा. गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावेही विचारली जातात. छायाचित्र सहा महिन्यांच्या आतले आणि चष्म्याविना असावे.

१२. सोबत कोणती कागदपत्रे न्यावीत? शेजाऱ्यांची तर फाइल दोन किलोची होती.

बहुतेक वेळा अधिकारी कागद मागत नाही. तो बोलण्यावरून आणि पडद्यावरील नोंदीवरून ठरवतो. तरीही मागितल्यास काढता यावेत म्हणून जुने व नवे पासपोर्ट, डीएस-१६० ची पुष्टी, आय-९४ चा इतिहास आणि मुदतवाढ घेतली असल्यास तिची कागदपत्रे वेगळ्या पाकिटात वरच ठेवावीत. त्याखाली निवृत्तिवेतनाचे पासबुक, प्राप्तिकर विवरणपत्रे, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती, शेती असल्यास सातबारा आणि व्यवसाय असल्यास त्याची नोंदणी असावी. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी-टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्याने सहा महिने तो कोणी सांभाळला, याचे उत्तर तयार ठेवावे. धंदा माझ्यावाचून चालत नाही असे सांगायचे आणि अर्धे वर्ष बाहेर राहिलेले असायचे, यातला विरोध लगेच दिसतो.

१३. खिडकीवर नेमके काय विचारतात?

मागच्या वेळी किती दिवस राहिलात, का राहिलात, या वेळी कशासाठी व किती दिवस, मुलगा कोणत्या व्हिसावर आहे, खर्च कोण करणार आणि इथे मागे कोण आहे, एवढ्यावरच बहुधा संभाषण आटोपते. पाठ केलेले भाषण करू नये. ‘सुनेचे बाळंतपण होते, मे ते ऑक्टोबर राहिलो, मुदत नोव्हेंबरपर्यंत होती’ एवढे एक वाक्य पुरते, कारण त्यात कारण, कालावधी आणि मुदत हे तिन्ही येतात. पती-पत्नीने एकत्र वेळ घ्यावी. अर्ज स्वतंत्र असतात, परंतु मुलाखत सहसा एकत्र होते.

१४. मुलीच्या बाळंतपणाला गेले होते, असे सांगितले तर ‘काम केले’ असे धरतात का?

आईने मुलीकडे राहून स्वयंपाक करणे किंवा नातवंड सांभाळणे यात मोबदला नसतो आणि ती कौटुंबिक भेटच असते. अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे घेतलेले पैसे, मग ते जावयाच्या मित्राच्या मुलाला सांभाळण्याचे का असेनात. दुसरे म्हणजे आजी-आजोबा पाळीपाळीने येऊन-जाऊन पाळणाघराची जागा वर्षानुवर्षे भरून काढत आहेत, असे दिसणे. दुसऱ्या प्रकारात प्रश्न २ मधील सारा विचार लागू होतो.

१५. तिथे वडिलांवर शस्त्रक्रिया झाली म्हणून राहावे लागले. हे सांगितल्याने व्हिसा नाकारतील का?

ते लपवण्याचे कारण नाही. रुग्णालयाचे निवेदन, विम्याने किती दिले आणि उरलेले कोणी भरले, हे दाखवणारी बिले न्यावीत. बिल थकलेले असेल किंवा सरकारी मदतीतून भागवले गेले असेल, तर चौकशी वाढते. म्हणून अर्जापूर्वीच मुलाने त्या रुग्णालयाशी बोलून हिशेब मिटवून घ्यावा.

१६. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने आमच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला आहे. पर्यटक व्हिसा मिळेल का?

मिळणे अवघड होते, परंतु अशक्य नाही. आपल्या नावे कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, हे डीएस-१६० मध्ये स्पष्ट विचारलेले असते आणि उत्तर ‘होय’ हेच द्यावे लागते. ते ‘होय’ कलम २१४(ब) मधील गृहीतकाला बळ देते. २१ वर्षांवरील नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोट्याची रांग नसते, म्हणून खरोखरच तिथे राहण्याचे ठरले असेल, तर पर्यटक व्हिसाच्या मागे लागण्यापेक्षा तोच अर्ज पूर्ण होऊ द्यावा. उलट तिथे स्थायिक व्हायचेच नसेल, तर मुलाने ‘असू द्यावा’ म्हणून अर्ज करून ठेवणे सर्वांनाच त्रासाचे ठरते.

१७. नकाराचा कागद मिळाला. पुन्हा केव्हा अर्ज करावा?

कलम २१४(ब) खालील नकारावर अपील नसते आणि प्रतीक्षेचा ठरलेला काळही नसतो. शुल्क भरून केव्हाही अर्ज करता येतो. मात्र त्याच माहितीने पंधरा दिवसांत पुन्हा गेल्यास निकाल बदलण्याचे कारण उरत नाही. दीर्घ मुक्काम हेच नकाराचे कारण असावे असे वाटत असेल, तर वर्षभर भारतात राहून, छोट्या आणि नेमक्या कारणासाठी अर्ज करावा. कागदावर २२१(जी) लिहिले असेल, तर ती बाब वेगळी आहे. त्यात एखादा कागद किंवा पडताळणी बाकी असते आणि नवे शुल्क न भरता मागितलेले तेवढे पूर्ण करावे लागते.

१८. आय-९४ च्या इतिहासात आमच्या परतीची नोंदच दिसत नाही.

असे क्वचित होते, विशेषतः जमिनीवरून कॅनडात जाऊन तिथून विमान पकडलेल्यांच्या बाबतीत. भारतातील आगमनाचा शिक्का, बोर्डिंग पास आणि त्यानंतरच्या काळातील इथल्या बँक व्यवहारांच्या नोंदी यांवरून आपण मुदतीत निघाला होता, हे दाखवता येते. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी बँकेत समक्ष जाऊन दिलेला हयातीचा दाखला इथे अनपेक्षितपणे कामाला येतो.

याच संदर्भातील उपप्रश्न म्हणजे, चार दिवस कॅनडाला जाऊन आल्यास सहा महिने नव्याने मोजतात का. तीस दिवसांच्या आतील अशा फेरीनंतर अधिकारी जुनीच मुदत कायम ठेवू शकतो, त्यामुळे तो हिशेब धरून परतीचे तिकीट ठरवू नये.

१९. जुना व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये आहे आणि पासपोर्ट नवा काढला आहे. चालेल का?

व्हिसा वैध असेल आणि फाटलेला नसेल, तर दोन्ही पासपोर्ट सोबत नेऊन प्रवास करता येतो. नावात बदल झाला असल्यास नवा व्हिसा घेणे बरे. सोलापूरचे पासपोर्टचे काम पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येते. व्हिसाच्या अर्जापूर्वी आडनाव, वडिलांचे नाव आणि जन्मस्थळ तिथल्या नोंदीप्रमाणेच आहे ना, हे पाहून घ्यावे.

२०. मुलगी जर्मनीत आहे. तिथेही सहा महिन्यांचाच हिशेब असतो का?

नाही. शेंगेन देशांत (एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत) अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि हे दिवस सर्व शेंगेन देशांचे मिळून मोजतात, म्हणजे जर्मनीतून फ्रान्सला गेल्याने मोजणी थांबत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्याने शिक्क्यांचा घोळ आता बचावाला येणार नाही. उलट नियमाने वागणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून एक लाभ आहे. मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, मात्र तितक्या मुदतीचा पासपोर्ट शिल्लक असावा लागतो. ९०/१८० ची मर्यादा या दीर्घ मुदतीच्या व्हिसालाही तशीच लागू राहते.